नोंदणी झाली, पण परतावा नाही : ऑस्ट्रेलियातील मेडिकेअरविषयी वाचकांचे प्रश्न

परदेशी स्थायिक होणाऱ्या डॉक्टरांविषयी या सदरात अधूनमधून पत्रे येतच असतात. परंतु गेल्या काही महिन्यांत ऑस्ट्रेलियात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करू पाहणाऱ्यांची आणि त्यांच्या पालकांची, मेडिकेअर या तेथील सरकारी आरोग्य-विमा योजनेविषयीची पत्रे इतकी आली, की हा अंक त्याच एका विषयासाठी ठेवणे आम्हाला योग्य वाटले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, नावगावाचा उल्लेख टाळून, येथे पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी एम.बी.बी.एस. असून विवाहानंतर मेलबर्न येथे राहते. पतीच्या नोकरीमुळे दोघांनाही तेथील कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला आहे. ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलच्या दोन्ही परीक्षा ती उत्तीर्ण झाली, एक वर्ष रुग्णालयात देखरेखीखाली काम केले आणि आता तिला मेडिकल बोर्डाची सर्वसाधारण नोंदणीही मिळाली आहे. शहरातील एका दवाखान्याने तिला आधी होकार दिला व नंतर ‘तुमच्या रुग्णांना मेडिकेअरचा परतावा मिळणार नाही, म्हणून घेता येत नाही’ असे कळविले. नोंदणीकृत डॉक्टरला सरकारी योजनेत काम करता येत नाही, हे कसे? हा भेदभाव नव्हे काय?

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती आपल्याकडील अनेक डॉक्टरांचीही असते, ती अशी, की वैद्यकीय नोंदणी मिळाली म्हणजे सर्व दारे उघडली. ऑस्ट्रेलियात दारे दोन आहेत. पहिले दार मेडिकल बोर्डाचे. रुग्ण तपासण्यास आपण पात्र आहात की नाही, एवढेच तेथे पाहिले जाते. दुसरे दार मेडिकेअरचे. आपण तपासलेल्या रुग्णाला सरकारी तिजोरीतून पैसे द्यायचे की नाहीत, हे तेथे ठरते. आपली मुलगी पहिल्या दारातून आत गेली आहे आणि दुसऱ्या दारापाशी थांबली आहे.

मेडिकेअर ही योजना १ फेब्रुवारी १९८४ रोजी सुरू झाली. तिचा पाया मात्र १९७३ च्या हेल्थ इन्शुरन्स अ‍ॅक्टमध्ये आहे आणि आज जे नियम आपल्या मुलीला आडवे येत आहेत तेही त्याच कायद्यात नंतर घातलेले आहेत. या योजनेत फॅमिली डॉक्टर सरकारचा पगारी नोकर नसतो. तो स्वतःचा किंवा दुसऱ्याचा दवाखाना चालवतो, फी स्वतः ठरवतो, आणि सरकार प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी एक दर ठरवून त्याचा परतावा देते. हा परतावा कायद्याने रुग्णाचा आहे, डॉक्टरचा नव्हे. रुग्णाने आपला हक्क डॉक्टरकडे सोपवला आणि डॉक्टरने तेवढ्याच रकमेत समाधान मानले, तर त्याला तेथे ‘बल्क बिलिंग’ म्हणतात व रुग्णाच्या खिशाला तोशीस पडत नाही. १ जानेवारी २००५ पासून फॅमिली डॉक्टरच्या तपासणीसाठी ठरलेल्या दराच्या शंभर टक्के रक्कम परतावा म्हणून दिली जाते. म्हणूनच ज्या डॉक्टरच्या रुग्णांना परतावा मिळत नाही, त्याच्याकडे, शेजारच्या दवाखान्यात तीच तपासणी परताव्यासह होत असताना, कोण जाणार? नोंदणी हातात असूनही असा डॉक्टर व्यवहारात बेकार ठरतो, आणि दवाखान्याने आपल्या मुलीला नकार दिला तो याच हिशेबाने.

आता नियमांकडे वळू. कलम १९एए आणि कलम १९एबी अशी दोन कलमे तेथील परदेशी डॉक्टरांच्या तोंडी सतत असतात. कलम १९एए पात्रतेविषयी आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी वा त्यानंतर प्रथम नोंदणी झालेल्या डॉक्टरने एखाद्या विषयातील मान्य तज्ज्ञता मिळवलेली नसेल आणि तो त्यासाठीच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षणातही नसेल, तर त्याच्या सेवेला मेडिकेअरचा परतावा मिळत नाही. फॅमिली डॉक्टरकी हीसुद्धा तेथे एक तज्ज्ञशाखाच मानली जाते. तिची फेलोशिप, म्हणजे तज्ज्ञतेची मान्यता, देणाऱ्या संस्था दोन : रॉयल ऑस्ट्रेलियन कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स आणि ग्रामीण व दुर्गम भागातील वैद्यकाकडे विशेष लक्ष देणारे ऑस्ट्रेलियन कॉलेज ऑफ रूरल अँड रिमोट मेडिसिन. ‘एम.बी.बी.एस. झाले की दवाखाना थाटावा’ ही आपल्याकडील वहिवाट तेथेही एके काळी होतीच. १९८९ मध्ये फॅमिली डॉक्टरांचे वेगळे रजिस्टर निघाले आणि १९९६ च्या कलमाने नव्या डॉक्टरांपुरती ती वाट बंद झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे कलम ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या व तेथेच शिकलेल्या डॉक्टरलाही तितकेच लागू आहे.

कलम १९एबी स्थळाविषयी आहे. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडबाहेर शिकलेल्या डॉक्टरने, आणि तेथे परदेशी विद्यार्थी म्हणून शिकलेल्यानेही, किमान दहा वर्षे सरकारने ‘टंचाईचा’ ठरवलेल्या भागातच काम केले तर त्याच्या रुग्णांना परतावा मिळतो. हा नियम १९९७ च्या आरंभापासून अमलात आहे. फॅमिली डॉक्टरांसाठी या भागांना ‘डिस्ट्रिब्यूशन प्रायॉरिटी एरिया’ म्हणतात. महानगरांचा अंतर्भाग त्यातून सरसकट वगळलेला असतो. आपल्या मुलीला जो दवाखाना हवा होता तो बहुधा अशाच वगळलेल्या पट्ट्यात असावा.

भेदभावाविषयी आपण विचारले आहे, तर प्रामाणिक उत्तर दोन तुकड्यांत द्यावे लागेल. पात्रतेचे कलम डॉक्टर कोठे शिकला हे पाहत नसल्यामुळे त्यास भेदभाव म्हणता येणार नाही. स्थळाचे कलम मात्र डॉक्टर कोठे शिकला यावर उघडपणे भेद करते आणि त्याविरुद्ध परदेशी डॉक्टरांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे. आमच्या मते त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. ज्या गावी स्थानिक पदवीधर जाण्यास तयार नाही, त्या गावाचा भार परक्यावर टाकायचा, ही या कलमामागील सरळ सोय आहे. मात्र अट मान्य करूनच परदेशी डॉक्टर त्या देशात जातो, हेही तितकेच खरे. त्यामुळे ती अट जाण्यापूर्वी माहीत असणे महत्त्वाचे.

सरकार डॉक्टरला ‘अमुक गावी जा’ असा थेट हुकूम का देत नाही, परताव्याची अशी आडवळणाची वाट का धरते, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. याचे कारण राज्यघटनेत आहे. १९४६ च्या सार्वमताने ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारला वैद्यकीय सेवा पुरवण्याचा अधिकार मिळाला, परंतु त्याच वाक्यात एक अट आली की, डॉक्टरांवर कोणत्याही प्रकारची सक्तीची सेवा लादता येणार नाही. ही अट न्यायालयाने किती कडकपणे पाहिली याचे उदाहरण १९४९ चे आहे. सरकारी औषधयोजनेसाठी डॉक्टरांनी ठरावीक छापील अर्जावरच औषध लिहून द्यावे, एवढी सक्तीसुद्धा तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने घटनाबाह्य ठरवली. (तेथे हाय कोर्ट हेच देशाचे सर्वोच्च न्यायालय आहे.) पुढे २००९ मध्ये त्याच न्यायालयाने मेडिकेअरखाली डॉक्टरांच्या कामाची छाननी करणाऱ्या यंत्रणेला मात्र मान्यता दिली. सारांश, डॉक्टरला हुकूम देता येत नाही. पण सरकारी पैसा कोणत्या अटीवर द्यायचा, हे सरकार ठरवू शकते. कायम वास्तव्य असलेल्या आपल्या मुलीला दोन्ही कलमे लागू होतात. म्हणून तिने टंचाईच्या भागातील दवाखान्यात फॅमिली डॉक्टरकीच्या प्रशिक्षणाची जागा शोधावी. मेलबर्नच्या बाहेर तासा-दोन तासांच्या अंतरावरही अशी गावे आहेत. सर्वस्व सोडून वाळवंटात जावे लागेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी गेली तीन वर्षे ऑस्ट्रेलियातील एका लहान गावात तात्पुरत्या व्हिसावर फॅमिली डॉक्टर म्हणून काम करीत आहे. फेलोशिप अद्याप झालेली नाही. लवकरच कायम वास्तव्याचा परवाना मिळण्याची शक्यता आहे. एका सहकाऱ्याने ‘परवाना आला की तुझे काम बंद पडेल’ असा इशारा दिला. हा विनोद आहे की वस्तुस्थिती?

उत्तर : सहकाऱ्याने आपणास वेळेवर सावध केले, त्याबद्दल त्याचे आभार माना. कलम १९एए हे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचे नागरिक आणि तेथील कायमचे रहिवासी यांना लागू आहे. तात्पुरत्या व्हिसावरील डॉक्टर त्याच्या कक्षेबाहेर असतो. त्याला केवळ स्थळाची अट पाळावी लागते. परिणामी असे घडते की, ज्या दिवशी कायम वास्तव्याचा परवाना हाती येतो व घरात पेढे वाटले जातात, त्याच दिवसापासून पात्रतेचे कलमही लागू होते. फेलोशिप नसेल आणि मान्यताप्राप्त कार्यक्रमात नावही नसेल, तर कालपर्यंत मिळणारा परतावा आज थांबतो. डॉक्टर तोच, खुर्ची तीच, रुग्णही तेच. कायद्याचे तर्कशास्त्र काहीही असो, या जागी तो माणसाला चकवतो, असे आम्हाला वाटते.

यावर उपाय आहे, पण तो आधी करावा लागतो. कायद्याच्या कलम ३जीए खाली काही प्रशिक्षण व सेवा-कार्यक्रम मान्य केलेले आहेत. त्यांत प्रवेश मिळालेल्या डॉक्टरला फेलोशिप होईपर्यंत, ठरवून दिलेल्या जागी व ठरवून दिलेल्या मुदतीपुरता, मेडिकेअरचा परतावा मिळतो. यांतील सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणजे सरकारी खर्चाने चालणारे ऑस्ट्रेलियन जनरल प्रॅक्टिस ट्रेनिंग. २०२३ च्या आरंभी त्याची जबाबदारी प्रादेशिक संस्थांकडून वर उल्लेख केलेल्या दोन कॉलेजांकडे परत आली. रॉयल कॉलेजकडून हे प्रशिक्षण साधारणतः तीन वर्षांचे, तर ग्रामीण कॉलेजकडून चार वर्षांचे असते. त्याशिवाय रॉयल कॉलेजचा फेलोशिप सपोर्ट प्रोग्रॅम, ग्रामीण कॉलेजची स्वतंत्र वाट, दुर्गम ठिकाणी राहूनच दूरस्थ मार्गदर्शनाने शिकवणारी रिमोट व्होकेशनल ट्रेनिंग स्कीम आणि ज्यांना अद्याप या कार्यक्रमांत जागा मिळालेली नाही अशा डॉक्टरांसाठी ‘मोअर डॉक्टर्स फॉर रूरल ऑस्ट्रेलिया’ हा कार्यक्रम आहे. आपण अर्ज आजच करावा. परवाना आल्यावर धावपळ करणाऱ्यांना काही महिने बिनकामाचे घरी बसावे लागते.

परताव्याच्या रकमेचाही विचार करा. फेलोशिप झालेल्या डॉक्टरच्या साध्या तपासणीला, म्हणजे मेडिकेअरच्या यादीतील २३ क्रमांकाच्या सेवेला, जुलै २०२४ पासून ४२.८५ डॉलर असा दर होता. फेलोशिप नसलेल्या डॉक्टरसाठी सेवांची वेगळीच यादी आहे आणि तिच्यातील जुन्या दराने रुग्णाला जवळपास निम्मीच रक्कम मिळे. २०१८ पासून महानगरांबाहेरील भागांत अशा डॉक्टरांसाठी पूर्ण दराच्या ८० टक्के परतावा सुरू झाला.

प्रश्न : फेलोशिप मिळाल्यावर दहा वर्षांची अट आपोआप रद्द होते, असे माझ्या पुतण्याला कोणीतरी सांगितले आहे. हे खरे आहे काय? आणि ही दहा वर्षे नेमकी केव्हापासून मोजतात?

उत्तर : खरे नाही. फेलोशिपमुळे पात्रतेचे कलम सुटते, स्थळाचे नाही. १६ जून २०२१ पासून तर फॅमिली डॉक्टरच्या पात्रतेसाठी मेडिकेअरचे निराळे रजिस्टरही राहिलेले नाही. मेडिकल बोर्डाने ‘जनरल प्रॅक्टिस’ या शाखेतील तज्ज्ञ म्हणून नोंद केली की तेवढे पुरते. स्थळाची दहा वर्षे मात्र स्वतंत्रपणे चालत राहतात.

ही वर्षे ऑस्ट्रेलियात डॉक्टर म्हणून झालेल्या पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात. म्हणजे रुग्णालयातील देखरेखीचे वर्षही त्यात जमा होते. केवळ दहा वर्षे उलटून भागत नाही, त्या वेळी नागरिकत्व किंवा कायम वास्तव्यही असावे लागते. दूरच्या भागात काम केल्यास हा काळ कमी होण्याची सोय आहे. त्यासाठी ‘मॉडिफाइड मोनॅश मॉडेल’ नावाची सात पायऱ्यांची वर्गवारी वापरतात. पहिल्या पायरीवर महानगरे, सातव्या पायरीवर अतिदुर्गम वस्त्या. आणि जितके दूर जावे तितकी सूट अधिक, ती अगदी शेवटच्या पायरीवर निम्म्यापर्यंत. फॅमिली डॉक्टरांपुरते पाहिले तर दुसऱ्या ते सातव्या पायरीवरील सर्व ठिकाणे आज टंचाईचीच मानली जातात. अडचण राहते ती पहिल्या पायरीवरील उपनगरांची. तेथे त्या परिसरातील लोकांना डॉक्टरची सेवा प्रत्यक्षात किती मिळते, याचा लोकसंख्या व आर्थिक स्थिती लक्षात घेऊन हिशेब केला जातो, आणि हा हिशेब दरवर्षी नव्याने होतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी एखाद्या मित्राला अमुक उपनगरात जागा मिळाली, एवढ्यावर विसंबून करार करू नये. सह्या करण्यापूर्वी आरोग्य खात्याच्या नकाशावर दवाखान्याचा नेमका पत्ता तपासावा. रस्त्याच्या एका बाजूचा दवाखाना यादीत आणि समोरच्या बाजूचा यादीबाहेर, असेही असू शकते.

प्रश्न : मी पात्र डॉक्टर आहे व माझी फेलोशिपही झाली आहे. एका दवाखान्यातून त्याच गावातील दुसऱ्या दवाखान्यात गेले, तर पहिल्या तीन आठवड्यांतील रुग्णांचे दावे परत आले. माझी चूक कोठे झाली?

उत्तर : प्रोव्हायडर नंबर, म्हणजे मेडिकेअरच्या दाव्यांसाठी लागणारा क्रमांक, डॉक्टरला मिळतो, असे आपण धरून चाललात, प्रत्यक्षात तो डॉक्टर आणि ठिकाण या जोडीला मिळतो. त्या नंबरात आठ खुणा असतात. पहिले सहा अंक आपली ओळख सांगतात व ते आयुष्यभर तेच राहतात, सातवी खूण कामाचे ठिकाण दाखवते आणि शेवटचे अक्षर पडताळणीसाठी असते. दवाखाना बदलला, मग तो त्याच रस्त्यावर का असेना, की मेडिकेअरचा कारभार पाहणाऱ्या सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेकडे नवा अर्ज करावा लागतो, आणि परतावा सामान्यतः नंबर लागू झाल्यानंतरच्या तपासण्यांनाच मिळतो. आपण नव्या ठिकाणी जुना नंबर वापरला असावा, किंवा नव्या नंबरची वाट न पाहता काम सुरू केले असावे. यापुढे रुजू होण्याची तारीख नंबर हातात आल्यावरच ठरवावी. ज्यांना दोन ठिकाणी आलटून-पालटून बसायचे असते त्यांनी दोन नंबर घ्यावेत.

एक इशारा नवख्या डॉक्टरांसाठी. नंबर आहे म्हणजे परतावा आहेच, असेही नाही. रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवणे किंवा चाचण्या लिहून देणे एवढ्यापुरताच नंबर दिला जातो, असे पुष्कळदा असते. रुग्णालयातील कनिष्ठ डॉक्टरांचे नंबर बहुधा याच प्रकारचे. मंजुरीचे पत्र पूर्ण वाचावे. केवळ नंबर पाहून आनंदून जाऊ नये.

प्रश्न : माझ्या दोन मुलांविषयी विचारायचे आहे. थोरला ब्रिटनमध्ये एन.एच.एस.मध्ये, म्हणजे तेथील सरकारी आरोग्यसेवेत, फॅमिली डॉक्टर आहे आणि ऑस्ट्रेलियात जाऊ इच्छितो. धाकट्याला बारावीनंतर ऑस्ट्रेलियातच वैद्यकीय शिक्षण द्यावे, म्हणजे दहा वर्षांच्या अटीचा प्रश्नच उरणार नाही, असा आमचा विचार आहे. शुल्क फार मोठे आहे, पण ते एकदाच.

उत्तर : धाकट्याचे आधी सांगतो, कारण त्यात मोठी रक्कम गुंतलेली आहे. तो परदेशी विद्यार्थी म्हणून प्रवेश घेणार असेल, तर पदवी ऑस्ट्रेलियाची असूनही स्थळाची अट त्याला लागू राहील. कायदा पाहतो तो वैद्यकीय शिक्षण सुरू करतानाचा दर्जा. त्या वेळी तो तेथील नागरिक वा कायमचा रहिवासी नसेल, तर शिकत असताना पुढे परवाना मिळाला तरी अट सुटत नाही. फरक इतकाच, की त्याला कौन्सिलच्या परीक्षा द्याव्या लागणार नाहीत आणि दहा वर्षांची गणना इंटर्नशिपच्या नोंदणीपासून सुरू होईल. हा फायदा खराच आहे, परंतु ज्या कारणासाठी आपण शुल्क भरू पाहत आहात तो हा नव्हे.

थोरल्याची वाट पुष्कळ सोपी झाली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मेडिकल बोर्डाने ब्रिटन, आयर्लंड व न्यूझीलंड येथील ठरावीक पदव्या असलेल्या फॅमिली डॉक्टरांसाठी एक जलद मार्ग सुरू केला आहे. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि तेथील रॉयल कॉलेजची सदस्यता ही दोन्ही असलेल्या डॉक्टरला आता ऑस्ट्रेलियातील कॉलेजकडून वैयक्तिक मूल्यमापन करून घ्यावे लागत नाही. बोर्ड थेट तज्ज्ञ म्हणून नोंदणी देते व सहा महिने देखरेखीखाली काम करण्यास सांगते. तज्ज्ञ म्हणून नोंदणी झाल्यामुळे पात्रतेचे कलम त्याला अडवणार नाही.

मात्र जलद मार्ग आहे तो मेडिकल बोर्डाच्या दाराचा. मेडिकेअरच्या दारावरील स्थळाची अट ब्रिटनहून येणाऱ्यालाही आहेच, आणि आपल्या थोरल्या मुलाने इंग्लंडमध्ये कितीही वर्षे दवाखाना चालवला असला तरी ती वर्षे ऑस्ट्रेलियाच्या दहांत धरली जाणार नाहीत. त्याला सिडनीतील एखाद्या उपनगराचे निमंत्रण आले असेल, तर त्या दवाखान्याला आधी एकच गोष्ट विचारावी : हा पत्ता सध्या टंचाईच्या यादीत आहे काय? उत्तर लेखी मागावे.